दूरस्थ पाठ व प्रत्यक्ष प्रशिक्षण यांची सांगड

‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण २०१९ साली समोरासमोर सुरू झाले. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे ते ‘दीक्षा’ या संगणकीय व्यासपीठावर आले. हे दोन्ही मार्ग परस्परांस पूरक होत. चित्रफीत हवी तेव्हा थांबवून पुन्हा पाहता येते. परंतु हातच्याच्या वजाबाकीत आपल्या वर्गातील मूल नेमके कोठे अडखळते, हे ती सांगू शकत नाही. यास्तव विवेचन आधी घरी पाहावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तोच पाठ सहकाऱ्यांपुढे घ्यावा, दशकाचा गठ्ठा सोडून दाखवावा, उणिवा ऐकाव्यात आणि मग तो वर्गात घ्यावा. प्रमाणपत्र हे पाठ पूर्ण केल्याची साक्ष देते. प्रशिक्षण फळास आले की नाही, याची साक्ष मात्र मुलाची पाटीच देईल.