ताळेबंदामागील माणूस

कंपनीचा ताळेबंद म्हणजे निव्वळ आकड्यांची बेरीज-वजाबाकी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्यातील कित्येक आकडे अंदाजाने ठरतात. बुडीत येणे किती धरावे, घसारा किती काढावा, उत्पन्न कोणत्या वर्षात दाखवावे, या प्रत्येक ठिकाणी माणसाच्या विवेकाला वाव असतो. आणि हे अंदाज करणाऱ्यांची दृष्टी असते ती सर्वोच्च अधिकाऱ्याच्या मर्जीकडे.

धुरीणांचा अनुभव व त्यांची मूल्ये संस्थेच्या निर्णयांत उमटतात, असा सिद्धांत हॅम्ब्रिक आणि मेसन या अभ्यासकांनी १९८४ साली मांडला. तो येथेही लागू पडतो. सावध अधिकारी संभाव्य तोटा वेळीच मान्य करतो. फाजील आत्मविश्वासाचा अधिकारी पुढे भरून काढू, असे म्हणून आजची खोट झाकतो.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्राने कळविले, की सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीत ६४९ कोटी दाखविलेला कामकाजाचा नफा प्रत्यक्षात ६१ कोटी होता. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, आरंभीची तफावत किरकोळ होती. ती वर्षानुवर्षे वाढत गेली. प्रवर्तकांचे भाग थोडे असल्याने, कामगिरी घसरली तर कंपनी हातची जाईल आणि बिंग फुटेल, हे भय त्यामागे होते.

या गृहस्थांपाशी व्यवस्थापनशास्त्राची अमेरिकी पदवी होती. म्हणजे विद्वत्ता ही सचोटीची हमी नव्हे. अध्यक्षपदी ते स्वतः व व्यवस्थापकीय संचालक त्यांचे बंधू. अशा घरात ‘नाही’ कोणी म्हणावे?

स्वभाव कायद्याने घडत नाही. त्यावर दुसऱ्याची नजर मात्र ठेवता येते. २०१३ च्या कंपनी कायद्याने भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांत किमान एक-तृतीयांश संचालक स्वतंत्र असणे आवश्यक केले, आणि एकाच लेखापरीक्षक संस्थेची सलग नेमणूक पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींपुरती मर्यादित केली.

तरीही अखेरचा पहारा भागधारकाचाच. म्हणून वार्षिक अहवाल हाती आल्यावर नफ्याचा आकडा पाहून तो मिटू नये. तो नफा रोकडीच्या रूपाने खरोखर आला काय, आणि तो सांगणाऱ्याला प्रश्न विचारणारे कोणी त्याच्या शेजारी बसले आहे काय, हे अवश्य पाहावे. त्या कागदामागे अनेकांच्या आयुष्याची पुंजी असते.