फुकट दिलेले म्हणजे बेवारस नव्हे

स्नूकर इंग्लंडात जन्मला, असे पुष्कळांना वाटते. तो जन्मला जबलपुरात, १८७५ साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. डेव्हनशायर रेजिमेंटमधल्या नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो रचला. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत. नावे तेवढी सारखी. बिलियर्डच्या टेबलावर तेव्हा पिरॅमिड आणि ब्लॅक पूल हे खेळ चालत. चेंबरलेनने पिरॅमिडच्या लाल चेंडूंत ब्लॅक पूलचे रंगीत चेंडू मिसळले. टेबल तेच, चेंडूही आधीचेच. नवी होती ती मांडणी आणि नियम. असलेल्या खेळात केलेल्या अशा बदलाला आजची मुले ‘मॉड’ म्हणतील. १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले, पुढे खेळ इंग्लंडला पोचला आणि जगभर गेला. मात्र हा खेळ आपण रचला, हे सांगायला चेंबरलेनना १९३८ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहावे लागले.

आजही हजारो लोक संगणकीय खेळांसाठी नकाशे, पात्रे, मोहिमा, संगीत आणि भाषांतरे तयार करून विनामोबदला देतात. त्यांच्याविषयीचे आपले समज तपासायला हवेत.

गैरसमज: हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत.
‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा फुकट मॉड म्हणून आला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी तो केला होता. पुढच्याच वर्षी मूळ कंपनीने तो विकत घेतला. आपल्याकडे घरोघरी वाद घडवणाऱ्या ‘पबजी’ची मुळेही ब्रेंडन ग्रीन यांनी ‘आर्मा २’ या खेळासाठी केलेल्या मॉडमध्ये आहेत. मोठ्या उद्योगाची नर्सरी या हौशी मंडळींनीच सांभाळली आहे.

गैरसमज: फुकट आहे, म्हणजे कुणीही उचलावे.
भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकृती निर्माण होताच तिच्यावर निर्मात्याचा हक्क येतो. नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ तर निर्मात्याचे नाव सांगण्याचा हक्क वेगळा जपते आणि कृतीचा आर्थिक हक्क दुसऱ्याला दिल्यावरही तो उरतो. म्हणून परवाना वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे ‘सीसी बाय’ असेल तर श्रेय देऊन वापरता येते. ‘बाय-एसए’ असेल तर आपण केलेला बदलही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. परवानाच लिहिलेला नसेल तर परवानगी विचारावी. निर्मात्यांनीही दोन ओळींचा परवाना सोबत ठेवावाच. तो नसला की पुढे काम वाढवू इच्छिणाऱ्या भल्या माणसाचेही हात बांधले जातात. शिवाय एखाद्या कंपनीच्या खेळावर मॉड केला तर त्या कंपनीच्या अटीही लागू होतात.

गैरसमज: पैसे दिले की प्रश्न मिटला.
एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड विकण्याची सोय झाली. विक्रीतला चौथा हिस्सा निर्मात्याला मिळणार होता. आठवड्याच्या आत ती योजना मागे घ्यावी लागली. खेळाडू तर चिडलेच, पण खरी गुंतागुंत निर्मात्यांमध्ये होती. एकाचा मॉड दुसऱ्याच्या फायलींवर उभा असतो आणि तो तिसऱ्याच्या. मग पैसा कुणाचा? स्वेच्छेने दिलेली देणगी चांगलीच. ज्याला परवडते त्याने जरूर द्यावी. पण परस्परांच्या भरवशावर वाढलेल्या कामाला एकाएकी दरपत्रक लावले की तो भरवसाच आधी तुटतो.

गैरसमज: एकदा बनवले की काम संपले.
हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. मूळ खेळाची नवी आवृत्ती येते आणि कालपर्यंत चालणारा मॉड आज बंद पडतो. निर्मात्याने तो पुन्हा जुळवायचा, तोही नोकरी किंवा परीक्षा सांभाळून. त्याच वेळी ‘अजून अपडेट नाही?’ असे निरोप येऊ लागतात, आभार मानणारे मात्र विरळा. अशाने चांगली माणसे मुकाट्याने काम सोडून जातात. त्यांना टिकवायचे असेल तर चूक नीट कळवा: कोणती आवृत्ती, काय करताना बिघडले, पडद्यावर काय दिसले. एवढ्याने त्यांची कित्येक संध्याकाळची शोधाशोध वाचते. याहून मोठी मदत म्हणजे देखभालीचा एखादा तुकडा स्वतःकडे घेणे. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा २००३ पासूनचा मुक्त, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेला, खेळ असाच टिकला आहे. खेळाडूंनी रचलेल्या मोहिमा त्याच्या स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवता येतात आणि त्यांतल्या काही तर मूळ खेळात दाखल झाल्या आहेत.

गैरसमज: प्रोग्रामिंग येत नसेल तर आपले इथे काय काम?
चित्र, आवाज, कथा, चाचणी, भाषांतर, सगळेच हवे असते. मराठी माणसाला तर इथे मोठे शेत मोकळे पडले आहे. ‘गोडो’ हे खेळ बनवण्याचे मुक्त साधन घ्या. त्यात पूर्वी देवनागरी धड उमटत नसे. जोडाक्षरे सुटत, पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसे. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत ही अडचण दूर झाली. पडद्यावर ‘क्षत्रिय’ नीट वाचता येतो की नाही, हे तपासायला प्रोग्रामर लागत नाही, मराठी वाचणारा लागतो.

स्नूकर जन्मला त्या जबलपुरात आज १९४७ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २००५ पासूनची ट्रिपल आयटी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबेही आहेत. मुक्त खेळासाठी केलेले भाषांतर किंवा नकाशा विद्यार्थ्याच्या प्रकल्पात धरला जावा, असे मला मनापासून वाटते. फाइलसोबत कर्त्याचे नाव, तारीख आणि परवाना लिहून ठेवण्याची सवयही तिथेच लागावी.