पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज की इम्प्लांट? आधी शेजारचे दात बघा

दाढ काढून दोन-तीन महिने झालेत, जखम भरली आहे, एका बाजूने जेवायची सवयही झाली आहे. अशा वेळी डॉक्टर विचारतात, "तिथे ब्रिज बसवायचा की इम्प्लांट?" पेशंट विचारतो, "डॉक्टर, चांगलं कुठलं?" मग एका दवाखान्यात ब्रिज सुचवला जातो, दुसऱ्या दवाखान्यात इम्प्लांट, आणि घरी आल्यावर मोबाईलवर तिसरंच कोणीतरी "तीन दिवसांत पक्के दात" देत असतं.

या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही, पण उत्तर शोधायची पद्धत आहे. त्यासाठी सगळ्यात जास्त वेळा जाणाऱ्या दाताचं उदाहरण घेऊ, खालच्या जबड्यातल्या पहिल्या मोठ्या दाढेचं. ही दाढ वयाच्या साधारण सहाव्या वर्षी येते. ती कुठलाही दुधाचा दात पाडून येत नाही, मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप उगवते. त्यामुळे अनेक आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. "पडेलच, दुसरी येईल" म्हणून तिची कीड दुर्लक्षित राहते आणि पंचविशी-तिशीत ती काढायची वेळ येते. पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती जागा कशी सांभाळायची, असा हा प्रश्न आहे.

ती जागा भरायलाच हवी का?

बहुतेक वेळा हो. समोरचा दात हळूहळू त्या मोकळ्या जागेत उतरू लागतो, मागची दाढ पुढे कलते, फटीत अन्न अडकतं. सगळ्यांच्याच तोंडात असं होत नाही, पण एकदा झालं की ते सरळ करणं महागात पडतं.

अगदी शेवटची दाढ गेली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. नेदरलँड्समधले दंततज्ज्ञ आर्न्ड कायझर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं होतं की मागच्या काही दाढा नसल्या तरी बऱ्याच लोकांचं चावणं व्यवस्थित चालतं. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागी कोणी काही बसवत नाही. तिच्या पुढची दाढ गेली असेल आणि जेवताना काहीच अडत नसेल, तर "सध्या काहीच करू नका" हाही योग्य वैद्यकीय सल्ला असू शकतो. असा सल्ला देणारे डॉक्टर भेटले तर त्यांना सोडू नका.

ब्रिजची किंमत शेजारी मोजतात

ब्रिज म्हणजे पूलच. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात हे त्याचे खांब. त्या दोन दातांवर कॅप बसतात, मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो आणि हे तिन्ही एकसंध चिकटवले जातात. म्हणून एकच दात गेलेला असला तरी बिल तीन दातांचं येतं. दवाखान्यात त्याला 'थ्री युनिट ब्रिज' म्हणतात.

फायदे उघड आहेत. हाडाला हात लागत नाही, शस्त्रक्रिया नाही, दोन-तीन भेटींत आणि साधारण दोन आठवड्यांत काम पूर्ण होतं.

पण कॅप बसण्यासाठी दोन्ही खांब-दात चारही बाजूंनी आणि वरून साधारण एक ते दोन मिलिमीटर घासावे लागतात. दाताचं वरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, एकदा गेलं की परत येत नाही. दात आधीच किडलेले, मोठं सिमेंट भरलेले किंवा रूट कॅनाल झालेले असतील, तर त्यांना तशीही कॅप लागणारच होती. तिथे ब्रिज एका दगडात दोन पक्षी मारतो. पण ते दात पूर्ण निरोगी असतील, तर एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात कायमचे घासले जातात. घासलेल्या काही दातांची नस पुढे काही वर्षांत मरते आणि कॅपमधून रूट कॅनाल करावं लागतं.

दुसरी अडचण रोजची आहे. तिन्ही दात जोडलेले असल्याने त्यांच्यात वरून साधा दोरा घालता येत नाही. खोट्या दाताच्या खालून, हिरडीलगत, खास जाड दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा लागतो. हे कोणी शिकवलं नाही, किंवा शिकवूनही केलं नाही, तर कॅपच्या कडेला कीड लागते. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं, आत खांब पोखरला जातो. बऱ्याचदा दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तिन्ही दात एकसंध असल्यामुळे एक खांब बिघडला तरी बहुतेक वेळा पूर्ण ब्रिज कापून काढावा लागतो. तो खांबही वाचला नाही, तर एका दाताची जागा आता दोन दातांची होते.

पुढचा एखादा पटाशीचा दात गेला असेल, तर मागच्या बाजूने पातळ पंख चिकटवून बसवायचा मेरीलँड ब्रिज हा पर्याय आहे. त्यात शेजारचा दात नाममात्रच घासावा लागतो. चावण्याचा मोठा जोर येणाऱ्या दाढेसाठी तो सहसा चालत नाही.

इम्प्लांट: सशाच्या पायापासून माणसाच्या जबड्यापर्यंत

इम्प्लांटची गोष्ट दाताच्या दवाखान्यात सुरू झाली नाही. स्वीडनमधल्या लुंड शहरात १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाड टायटॅनियमला घट्ट धरून बसलं होतं. या प्रक्रियेला पुढे त्यांनी 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव दिलं. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले गेले. २००६ मध्ये लार्सन यांचं निधन झालं, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते वापरले.

आजही तत्त्व तेच आहे. हिरडी उघडून हाडात भोक पाडायचं, टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि हाड त्याला धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबायचं. मग त्यावर एक जोडभाग आणि जोडभागावर कॅप. शेजारच्या दातांना कोणी हात लावत नाही. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण फक्त तेवढा भाग बधिर करून हे काम होतं, आणि दात काढताना झाला त्यापेक्षा कमी त्रास झाला असं अनेक पेशंट सांगतात. वरचा दात काढल्याने किंवा तिथे स्क्रू बसवल्याने नजर जाते हा जुना समज निराधार आहे. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे पुढे एमआरआय करायलाही सहसा अडचण येत नाही.

अडचण असते ती हाडाची. दात काढल्यावर त्या जागेचं हाड झिजू लागतं. वर्षभरात त्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून "बघू पुढच्या वर्षी" असं म्हणत पाच वर्षं गेली, की तिथे आधी हाड भरावं लागू शकतं. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते, खालच्या दाढांच्या खालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. त्या नसेला धक्का लागला तर ओठाचा भाग बधिर राहू शकतो. दाढेच्या जागी इम्प्लांट करण्याआधी थ्रीडी स्कॅन करून हाडाची उंची-रुंदी मोजतात ती यासाठीच.

मग जास्त कोण टिकतं?

"इम्प्लांट आयुष्यभर टिकतो, ब्रिज दहा वर्षं" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. आकडे इतकं सरळ सांगत नाहीत. २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंना आधार असलेले ब्रिज दहा वर्षांनी जवळपास ८९ टक्के टिकलेले होते, आणि इम्प्लांटवरचा एकेकटा दात, तोही जवळपास ८९ टक्के. म्हणजे दहा वर्षांच्या हिशेबात बरोबरी. हाडातला स्क्रू त्यावरच्या कॅपपेक्षा जास्त टिकतो. "आयुष्यभर" हा शब्द फार तर स्क्रूपुरता, तोही हमी म्हणून नाही.

फरक बिघडण्याच्या पद्धतीत आहे. ब्रिज बिघडतो तो बहुधा कीड लागून, आणि त्याची झळ तुमच्या खऱ्या दातांना बसते. इम्प्लांटला कीड लागत नाही. त्याचा स्क्रू सैल होतो, कॅपचा टवका उडतो, आणि या गोष्टी बऱ्याचदा शेजाऱ्यांना न दुखावता दुरुस्त होतात. तिशीतल्या माणसाला पुढच्या आयुष्यात हे काम एक-दोनदा पुन्हा करावं लागणार हे जवळपास धरूनच चालावं. म्हणून शेजारचे दात निरोगी, हाड पुरेसं आणि तब्येत ठीक असेल, तर खालच्या पहिल्या दाढेसाठी इम्प्लांटकडे झुकणं योग्य.

पण इम्प्लांटला आजार होत नाही असं नाही. त्याच्याभोवतीच्या हिरडीला सूज येऊन हाड वितळत जातं, याला पेरीइम्प्लांटायटिस म्हणतात. सुरुवातीला ते दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणं ही पहिली खूण असू शकते.

तंबाखू, साखर आणि एक विसरलं जाणारं औषध

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात चारपैकी एकाहून जास्त प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण वाढतं. मशेरी आणि गालात ठेवायचा तंबाखू हिरड्या मागे सरकवतो. डॉक्टरांनी विचारलं की "फक्त मशेरी लावते, तंबाखू नाही" असं उत्तर बऱ्याचदा येतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. साखर आटोक्यात असेल तर होतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी त्यासाठीच मागतात.

एक प्रश्न मात्र घरातल्या ज्येष्ठ बायकांबद्दल आवर्जून विचारायला हवा. हाडं ठिसूळ होतात म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू आहे का? यातल्या काही औषधांमुळे जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर क्वचित भरून येत नाही. हे औषध हाडाचं, डॉक्टर दाताचे, म्हणून त्यांना सांगायचं राहून जातं. शिवाय जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल तर इम्प्लांटआधी विशेष विचार लागतो. आणि मुलगा सोळा वर्षांचा असून क्रिकेटच्या बॉलने दात पडला असेल, तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. इम्प्लांट जबड्याबरोबर वाढत नाही, तो मागे राहून आखूड दिसू लागतो. तोवर काढता-घालता येणारा दात किंवा मेरीलँड ब्रिज.

पैसा आणि रील्स

शहर, साहित्य आणि डॉक्टरांचा अनुभव यांप्रमाणे भाव बदलतात. ढोबळ हिशेबात धातू-सिरॅमिकचा तीन दातांचा ब्रिज बारा ते पंचवीस हजारांत होतो, झिर्कोनियाचा त्याहून महाग. एका दाताच्या इम्प्लांटला कॅपसकट पंचवीस ते साठ हजार लागू शकतात, हाड भरायचं असेल तर आणखी. "पंधरा हजारांत इम्प्लांट" अशी जाहिरात दिसली, तर त्यात जोडभाग, कॅप आणि स्कॅन धरलेत का हे आधी विचारा. बऱ्याचदा तो आकडा फक्त स्क्रूचा असतो. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा मिळत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबईतलं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय इथे हे काम कमी खर्चात होऊ शकतं, फक्त फेऱ्या जास्त होतात.

"७२ तासांत दात" देणारी पद्धत पूर्ण खोटी नाही. हाडाच्या कठीण थरात घट्ट बसलेल्या इम्प्लांटवर लगेच दात बसवता येतात. पण ते निवडक पेशंटसाठी असतं. त्यासाठी तोंडातले चांगले दातही काढायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

इम्प्लांट करून घेतला, तर स्क्रूची कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर किंवा कार्ड मागून घ्या. त्याचा फोटो काढून फोनमध्ये आणि घरच्या एखाद्या माणसाकडेही ठेवा. आठ वर्षांनी दुसऱ्या शहरात स्क्रू सैल झाला, तर तो घट्ट करायचं हत्यार कंपनीप्रमाणे वेगळं असतं, आणि ते कार्ड नसेल तर दहा मिनिटांच्या कामाला अख्खी कॅप कापावी लागू शकते.