भूकंपाचा आकडा येतो कुठून?



३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी १ वाजून ३७ मिनिटांनी अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या बाजूला जमीन हादरली. थोड्याच वेळात दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचा आकडा आला : ४.२. असा आकडा आला, की पारावर वाद ठरलेला. एक म्हणतो, "आमच्याकडे तं मांडणीवरचे भांडे वाजले, मंग आकडा इतकुसा काऊन?" पलीकडच्या गावचा म्हणतो, "आम्हाले तं काईच समजलं नाही." दोघेही खरे बोलतात, आणि आकडाही खोटा नसतो. हे कसे, ते पाहू.

देवळापाशी ढोल वाजतो तेव्हा जवळच्याचे कान बसतात आणि शिवारातल्या माणसाला नुसती चाहूल लागते. ढोल मात्र एकच, त्यावर पडलेली टिपरीही एकच. टिपरीचा जोर म्हणजे भूकंपाची महत्ता. ती एका भूकंपाला एकच असते. गावोगाव जाणवला तो हादरा म्हणजे तीव्रता. ती एक ते बारा टप्प्यांत सांगतात आणि गावागणिक बदलते. वर्तमानपत्रे महत्तेलाच 'तीव्रता' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. गुरुजींनी वर्गात तरी हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. शिवाय जमीनही सारखी नसते. मेळघाटात पायाखाली काळा पाषाण, तर आपल्या खारपाणपट्ट्यात पूर्णेने आणून टाकलेला खोल गाळ. अशा मऊ गाळात हादरा वाढू शकतो.

आता यंत्राकडे वळू. दोरीला जड दगड टांगा आणि दोरी धरलेला हात झटकन हलवा. हात हलतो, पण दगड क्षणभर जागीच राहतो. भूकंपमापकाचे मर्म एवढेच. जमीन हलते, आतले वजन मागे राहते, आणि दोहोंतला फरक टिपला जातो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत असे यंत्र १८९८ साली बसले. पूर्वी ही रेघ कागदावर उमटे. आता लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे तिचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात. देशभरच्या दीडशेहून अधिक केंद्रांचे संदेश दिल्लीला एकत्र होतात.

पण भूकंप किती दूर झाला हे कसे कळते? बडनेऱ्याहून मेल आणि पॅसेंजर एकाच वेळी सुटल्या असे धरा. मूर्तिजापूरला मेल थोडीच आधी पोचेल. अकोल्याला फरक वाढेल, भुसावळला आणखी. भूकंपाच्याही दोन लाटा असतात. पहिली खडकात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. दोहोंमधल्या सेकंदांना ८ ने गुणले, की अंतर अदमासे मिळते. १० सेकंदांचा फरक म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. तीन केंद्रांभोवती कंपासाने अशी तीन वर्तुळे काढा. ती जिथे मिळतात तिथे भूकंप. नकाशा असेल तर मुलांकडून हे जरूर करून घ्यावे.

अंतर कळले, रेघेची उंची कळली, की महत्ता निघते. अमेरिकेतील चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली ठरवले की १०० किलोमीटरवरच्या भूकंपाने एका ठराविक यंत्रावर १ मिलिमीटर रेघ उमटली तर ३ म्हणायचे. १० मिलिमीटर उमटली तर ४, १०० उमटली तर ५. केंद्र जवळ वा दूर असेल तर त्याप्रमाणे वजाबेरीज करायची. म्हणजे एक पायरी चढली की हेलकावा दसपट होतो. बाहेर पडणारी ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. मेळघाटच्या हादऱ्याचीही तारीख तीच, हा निव्वळ योगायोग. किल्लारीचा आकडा ६.२. दोनच पायऱ्यांचे अंतर, पण ऊर्जा सुमारे हजारपट! त्यात भूकंप उथळ, आणि घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. किल्लारीचा आकडा कुठे ६.४ असाही छापलेला दिसतो. त्यात लबाडी नाही. कोणती लाट मोजली, यावर आकडा थोडा बदलतो. मोठ्या भूकंपात रिश्टरची रीत तोकडी पडते, म्हणून १९७९ पासून खडकाची भेग किती लांबरुंद आणि ती किती सरकली, यावरून हिशेब करतात.

राहता राहिले अगदी लहान धक्के. यंत्र दूर असले तर त्यांची रेघ रस्त्यावरच्या वाहनांच्या आणि वाऱ्याच्या कंपनात बुडून जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला जमिनीतून आवाज येत होते, धक्क्यावर धक्के बसत होते, आणि लोक धास्तावले होते. अशा वेळी दूरच्या यंत्रांवर भागत नाही. यंत्र उचलून गावातच नेऊन ठेवावे लागते.