प्लेटलेट द्यायला येतोस?

ऑफिसमध्ये ब्लड डोनेशन कॅम्प म्हटला की धमाल असते. कॉफी, बिस्किटं, सर्टिफिकेट, फोटो... फोटोंबद्दल माझी अजिबात तक्रार नाही! पण गंमत बघा, त्या रक्तातल्या लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभर आरामात टिकतात, प्लेटलेट्स मात्र जेमतेम ५ दिवस. त्याही फ्रिजबाहेर, २० ते २४ डिग्रीला, सतत हलत्या ट्रेवर. म्हणजे १५ ऑगस्टला अख्ख्या शहराने रक्त दिलं, तरी २१ तारखेला त्यातल्या प्लेटलेट्स कुणाच्याच कामाच्या नसतात.

त्या लागतात कुणाला? ‘डेंग्यू’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण पावसाळा संपला तरी गरज न संपणारा पेशंट म्हणजे ल्युकेमियाचा. केमोथेरपीत बोनमॅरोचं काम मंदावतं, काउंट घसरतो आणि आतल्या आत रक्तस्राव व्हायची भीती असते. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये देशभरातून पेशंट येतात. लेकराला घेऊन बिहारहून आलेल्या आईबाबांनी मुंबईत डोनर शोधायचा तरी कुठे?

मी अधूनमधून शनिवारी जातो. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, ते गरगर फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या काढल्या जातात आणि बाकीचं सगळं परत आपल्यालाच! तास-दीड तास लागतो. मधेच ओठांना मुंग्या येतात. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम थोडं खाली येतं, म्हणून. सिस्टर कॅल्शियमची गोळी देतात, की झालं. शेवटी समोर लटकते पन्ह्यासारखी पिवळट पिशवी. साध्या रक्तदानातून एवढ्या प्लेटलेट्स जमवायला साधारण सहा जण लागतात, बरं का.

वजन ५० किलोच्या वर हवं, काउंट दीड लाखाच्या वर, आणि आधीचे ३ दिवस अ‍ॅस्पिरिन बंद. साधं रक्त दिल्यावर पुरुषांना ९० दिवस थांबावं लागतं, बायकांना १२०. प्लेटलेट्स ४८ तासांनीसुद्धा पुन्हा देता येतात. मात्र आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून २४ वेळा, त्याच्यावर नाही.

जवळच्या ब्लड बँकेत ही सोय आहे का ते विचारा आणि ब्लड ग्रुपसकट नंबर देऊन ठेवा. फोन नेमका मीटिंगमध्ये येतो, नाहीतर लोकलमध्ये लटकताना. जमणार नसेल तर तिथल्या तिथे ‘नाही’ सांगा, त्यांना पुढचा नंबर फिरवता येतो. ‘बघतो, कळवतो’ म्हणू नका.