‘लाईन क्लिअर’ म्हणजे नक्की काय?

मागे पावसाचा आवाज येतोय ना, तो इफेक्ट नाहीये बरं का. मी फोंडाघाटात घरीच बसून रेकॉर्ड करतोय आणि लाईन कधीही जाऊ शकते.

आता बघा, ‘लाईन जाऊ शकते’ म्हटल्यावर तुम्हाला लगेच कळलं की वीज जाणार. लंडनच्या माणसाला हे कळलं नसतं. म्हणून आजचा एपिसोड या एकाच शब्दावर : लाईन.

आधी डिक्शनरी. या शब्दाचं मूळ लॅटिन. तिथे ‘लीनम’ म्हणजे जवस आणि ‘लीनिआ’ म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. आपल्या ‘लिनन’च्या शर्टाचं मूळही तेच. ताणलेली दोरी सरळ दिसते, म्हणून पुढे त्याच शब्दाचा अर्थ रेघ झाला. मग लिखाणातली ओळ, नटाचा डायलॉग, टेलिफोनची तार, रेल्वेचा रूळ. रांगेला मात्र अमेरिकेत ‘लाईन’ म्हणतात आणि इंग्लंडमध्ये ‘क्यू’.

मराठीत आल्यावर आपण त्याला पहिल्यांदा स्त्रीलिंगी केलं. ती लाईन, त्या लाईनी, लाईनीत उभे रहा. रांग आणि ओळ यांच्या पंगतीत ती बसली. बारावीनंतर पाहुणे विचारतात, ‘कुठची लाईन घेतलीस?’ पोरगा बिघडला की म्हणतात, ‘त्याला लाईनीवर आणा.’ आणि कॉलेजच्या कट्ट्यावर लाईन मारतात, तीही समोरच्याने दिली तर! ‘लाईन मारणे’ शब्दशः इंग्रजीत सांगितलंत तर इंग्रज तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

हे सगळे अर्थ चुकीचे आहेत का? माझ्या मते नाहीत. डिक्शनरी शब्द जन्माला घालत नाही, लोक जे बोलतात त्याची नोंद ठेवते. पण एक गोष्ट मी स्वतः फटका खाऊन शिकलोय, ती सांगतो.

कॉलेजात असताना आमच्या ग्रुपमध्ये ‘लाईन क्लिअर’ हा परवलीचा शब्द होता. सर वर्गात नाहीत, लाईन क्लिअर. तिचा भाऊ स्टँडवर नाही, लाईन क्लिअर. एका पावसाळ्यात आमच्या खळ्यासमोर तारेवर फांदी पडली. वाडीतले लायनमन काका आले. त्यांच्या मोबाईलची बॅटरी संपलेली, म्हणून सबस्टेशनला फोन मी लावला. ऑपरेटर म्हणाला, ‘सप्लाय बंद करतोय, होल्ड करा.’ मला वाटलं, झालं काम. मी ऐटीत अंगठा दाखवून ओरडलो, ‘काका, लाईन क्लिअर!’

काकांनी शिडी पोलाला लावली होती. एक पाय वर ठेवून ते थांबले. म्हणाले, ‘नंबर काय दिल्यान?’

‘कसला नंबर?’

ते खाली उतरले, माझ्या हातातून फोन घेतला आणि ऑपरेटरशी स्वतः बोलले. तेव्हा कळलं, तार अजून चालूच होती.

विजेच्या कामात ‘लाईन क्लिअर’ म्हणजे रीतसर परवानगी. कुठल्या तारेवर काम आहे, सप्लाय कोणी बंद केला, परवानगी कोणी घेतली, याची नोंद होते. काम संपवून ती परत केल्याशिवाय सप्लाय सुरू करत नाहीत. काकांनी नंबर वहीत लिहिला, तार बंद असल्याची खात्री केली, अर्थिंग लावलं आणि मगच वर चढले. आपल्या कणकवलीवरून जाणाऱ्या रेल्वेतही हाच शब्द आहे. पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय मागचं स्टेशन गाडी सोडत नाही.

काम झाल्यावर काका चहा पिताना एवढंच म्हणाले, ‘झिला, ह्यो शब्द मस्करीत वापरूचो नाय. माझो जीव त्याच्यार टांगलेलो आसता.’

अशीच गोष्ट ‘डेडलाईन’ची. असाईनमेंटची डेडलाईन आपण रोज म्हणतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिल इथल्या कैदी छावणीत एक हद्द आखलेली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. तिला ‘डेडलाईन’ म्हणायचे. आता तो शब्द ईमेलमध्ये आलाय.

तेव्हा स्लँग खुशाल वापरा, मीही वापरतो. कट्ट्यावर ‘लाईन क्लिअर’ म्हटल्याने कोणाचं काही बिघडत नाही. फक्त समोरच्या माणसासाठी त्या शब्दाचा अर्थ काय आहे, हे बोलण्याआधी एकदा बघा. तो पोलाखाली उभा असेल तर जास्तच.

तुमच्या गावात ‘लाईन’चा आणखी कुठला अर्थ असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, तुटलेली तार दिसली तर लांब रहा, ती बंद आहे असं कोणीही सांगितलं तरी. चला, लाईन आहे तोवर एपिसोड अपलोड करतो. भेटू पुढच्या वेळी!