लग्नानंतरचे नाव : रीत, कायदा आणि निवड

मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. पुरुषाचे हे तिन्ही भाग जन्मभर टिकतात. स्त्रीने मात्र लग्नानंतर मधे नवऱ्याचे नाव आणि पुढे सासरचे आडनाव लावण्याची रीत आहे. अनेक घरांत पहिले नावही बदलते. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले जातात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहितो आणि ते सर्वांना सांगितले जाते.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची मुलगी यमुना हे या रीतीचे ठळक उदाहरण. १८७४ मध्ये तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. माहेर आणि सासर, दोन्हीकडचे आडनाव जोशीच. तरी यमुना हे नाव मागे पडले. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या या कल्याणच्या लेकीला जग आनंदीबाई म्हणूनच ओळखते. रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते.

ही रीत सर्वत्र नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाला आईवडिलांकडून एकेक अशी दोन आडनावे मिळतात आणि स्त्री ती लग्नानंतरही ठेवते. चीन आणि कोरियातही स्त्रीचे आडनाव बदलत नाही. आइसलंडमध्ये बहुतेकांना घराण्याचे आडनावच नसते; वडिलांच्या किंवा आईच्या नावाला ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ या अर्थाचा प्रत्यय जोडतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८१ पासून पती-पत्नी दोघांनीही जन्मनावच वापरावे असा कायदा आहे. याउलट जपानी नागरी कायद्याच्या कलम ७५० नुसार पती-पत्नीचे आडनाव एकच असावे लागते. ते कोणाचे, हे जोडप्याने ठरवायचे असले तरी बहुतेक वेळा पत्नीच आपले आडनाव सोडते.

भारतात लग्नानंतर नाव बदलण्याची कायदेशीर सक्ती नाही. उदाहरणार्थ, ठाण्याच्या वर्तकनगरातल्या एखाद्या जोडप्याने ठाणे महापालिकेत विवाहनोंदणी केली, तरी तेवढ्याने पत्नीचे नाव बदलत नाही. तिला ते बदलायचे असेल तर विवाह प्रमाणपत्राच्या आधारे आधार, पॅन, बँक आणि पासपोर्ट या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

खरी अडचण येते ती दोन नावांचे कागद एकत्र आले की. दहावीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचे असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे सिद्ध करावे लागते. वडिलांच्या मालमत्तेतला हक्काचा वाटा मागतानाही तोच प्रश्न उभा राहतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीला मिळकतीच्या दस्तात लग्नापूर्वीचे नाव नोंदवण्याचीही मुभा दिली आहे.

नाव ठेवायचे की बदलायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या स्त्रीचाच आहे. घरच्यांनी तिला आधी विचारावे. आणि जे नाव ती निवडेल, तेच सर्व कागदपत्रांवर सारखे राहील याची काळजी घ्यावी.